डहाणू ते बोर्डी : नवशिक्यांसाठी आखलेल्या सायकल सहलीचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सायकल दुकानाने नवशिक्यांसाठी आखलेली डहाणू ते बोर्डी ही समुद्रकाठची सहल मी आणि माझ्या नणंदेने डिसेंबरात केली. सायकल भाड्याने देणे, ती ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे बसवून देणे, नाशकातच तीन रविवार सराव करून घेणे, सायकली टेम्पोने डहाणूला पोहोचवणे, एका रात्रीचा मुक्काम, जेवण आणि जाऊन-येऊन सुमारे ३४ किलोमीटर सायकल, असे सगळे मिळून माणशी ४,२०० रुपये आम्ही दिले. दुकानाचे नाव येथे देत नाही. ज्या गोष्टी खटकल्या त्या मी मालकांना समोर बसून सांगितल्या आहेत आणि त्या सुधारायला त्यांना अवधी मिळावा, असे मला वाटते. मात्र ही सहल त्यांनी ज्या विचाराने आखली, तो विचार इतरांनाही कळावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नाशिक हे सायकलवाल्यांचे शहर आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून तर पहाटे त्र्यंबक रोडला सायकली दिसल्या नाहीत असा दिवस जात नाही. याचा अभिमान मलाही आहे. पण नव्याने सायकल घेणाऱ्याची त्यामुळे एक अडचणही होते. चार सायकलवाल्यांत बसावे तर बोलणे दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचे (म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचे) आणि घाट किती मिनिटांत चढलो याचे असते. ज्या बाईने कॉलेज सुटल्यानंतर सायकलला हातच लावलेला नाही आणि जिला आठ किलोमीटर झाले की मांड्या भरून येतात, तिने त्या बोलण्यात काय सांगायचे? या दुकानाने नेमक्या अशाच माणसांसाठी वेगळी सहल काढली आणि तिच्या जाहिरातीत अंतराआधी ‘चढ नाही’ हे दोन शब्द लिहिले. आम्ही नाव नोंदवले ते त्या दोन शब्दांमुळे.

चढ नसलेला समुद्रकाठ शोधणे वाटते तितके सोपे नाही. कोकण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किनारा येतो, पण रत्नागिरीकडचा किनारी रस्ता प्रत्यक्षात एका खाडीतून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो आणि पुन्हा दुसऱ्या खाडीत उतरतो. दापोली-गुहागरच्या बाजूला सायकल घेऊन गेलेल्या कोणालाही हे विचारावे. उत्तरेला पालघर जिल्ह्यात मात्र डोंगर समुद्रापासून मागे सरलेले आहेत. डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा १७ किलोमीटरचा रस्ता किनाऱ्याच्या सपाट पट्टीवरून जातो. डाव्या हाताला सुरूची झाडे आणि त्यांच्या पलीकडे समुद्र, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या, असा तो बराचसा रस्ता आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित असल्यामुळे तिथे कारखान्यांची गर्दी नाही, आणि म्हणून या रस्त्यावर अवजड वाहनेही तुलनेने कमी भेटतात. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत गाडीने चार तासांत डहाणू येते, ही आपल्यासाठी आणखी एक सोय.

आता सायकलीविषयी. आम्हाला मिळालेल्या सायकली हायब्रिड प्रकारच्या होत्या: सरळ हँडल, साधारण ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर, मागे सात गिअर आणि डिस्क ब्रेक. रेसरसारखे खाली वाकून बसावे लागत नाही आणि डोंगरी सायकलीसारखे जाड टायर ओढावे लागत नाहीत, म्हणून सपाट पण अधूनमधून उखडलेल्या रस्त्याला ही सायकल चांगली. परंतु मला खरे कौतुक वाटले ते सायकल बसवून देणाऱ्या मेकॅनिकचे. वय जेमतेम बावीस-तेवीस असेल. त्याने मला भिंतीला हात टेकून सीटवर बसायला सांगितले, एक पॅडल अगदी खाली आणले आणि म्हणाला, “ताई, टाच ठेवा पॅडलवर. पाय पूर्ण सरळ होतोय का?” होत नव्हता; गुडघा चांगलाच वाकलेला होता. त्याने सीट दोन बोटे वर घेतली, पुन्हा टाच ठेवायला लावली, आणि पाय सरळ झाल्यावर म्हणाला, “आता चवडा ठेवा. गुडघ्यात एवढासाच वाक राहिला पाहिजे.” मी घाबरून म्हटले की एवढ्या उंच सीटवरून माझे पाय जमिनीला पुरणार नाहीत. त्यावर त्याने थांबताना सीटवर बसून राहायचे नसते, पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहायचे असते, हे स्वतः चार वेळा करून दाखवले. इतकी वर्षे आपण सायकल चालवताना गुडघे दुखतात म्हणून वयाला दोष देत होतो आणि प्रत्यक्षात सीट खाली होती, हे त्या दहा मिनिटांत कळले.

सरावाचे तीन रविवारही नीट विचार करून बांधलेले होते. पहिल्या रविवारी आनंदवल्लीपर्यंत जाऊन परत, दुसऱ्या रविवारी सोमेश्वरच्या पुढे आणि तिसऱ्या रविवारी न थांबता वीस किलोमीटर. वेग वाढवा असे कोणी एकदाही म्हटले नाही. सांगितले ते एवढेच, की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले की गिअर हलका करायचा आणि पाय मात्र त्याच लयीत फिरवत राहायचे. जड गिअरवर दाब देऊन सायकल रेटणे म्हणजे जोर आणि हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवणे म्हणजे वेळ वाया घालवणे, अशी आपली जुनी समजूत असते. ती तिसऱ्या रविवारपर्यंत गेली, कारण त्या दिवशी वीस किलोमीटर होऊनही घरी येऊन मी पोळ्या करू शकले.

शनिवारी रात्री डहाणूला पोहोचल्यावर जेवणानंतर आम्हा अकरा जणांना अंगणात बसवून दुसऱ्या दिवसाचा बेत सांगण्यात आला. या सहलीतला सर्वांत मोलाचा अर्धा तास मला तो वाटतो. सपाट रस्त्यावर चढ नसतो, पण समुद्रकाठी वारा असतो, आणि समोरून येणारा वारा हा नवशिक्यासाठी चढच असतो. फरक एवढाच, की घाट संपतो आणि वारा संपत नाही. म्हणून रस्ता कुठला यापेक्षा कोणत्या वेळी कोणत्या दिशेने जायचे हे आधी ठरवावे लागते. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे अगदी मंद वाहतो. ऊन तापले, जमीन समुद्रापेक्षा गरम झाली की दुपारी तो उलटतो आणि समुद्राकडून येऊ लागतो. या किनाऱ्यावर त्या दिवसांत तो बहुधा वायव्येकडून येतो. डहाणू-बोर्डी रस्ता दक्षिणोत्तर आहे. तेव्हा सकाळी वारा पडलेला असताना उत्तरेकडे बोर्डीला जायचे, दुपार तिथेच काढायची आणि पावणेचारच्या सुमारास परत दक्षिणेकडे निघायचे, म्हणजे वारा पाठीमागून उजव्या खांद्यावर येतो. हेच उलटे केले, म्हणजे बोर्डीला मुक्काम करून सकाळी डहाणूला आणि दुपारी परत बोर्डीला, तर शेवटचे सतरा किलोमीटर थकलेल्या पायांनी वाऱ्याला तोंड देत काढावे लागतील. रस्ता तोच, अंतर तेच, पण एक सहल जमते आणि दुसरीत माणूस सायकल सोडून देतो. नकाशा पाहून ही गोष्ट मला स्वतःहून कधीच सुचली नसती.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. नाशकात त्या पहाटे स्वेटरशिवाय बाहेर पडवले नसते. इथे पातळ सुती सदरा पुरेसा होता आणि तासाभरात तोही पाठीला चिकटला. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, कोरड्या हवेत राहणारी माणसे. आपला घाम आला तसा उडून जातो, किनाऱ्यावर तो अंगावरच राहतो, आणि किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या, ही सूचना मला आदल्या रात्री जरा जास्तच वाटली होती. नरपड ओलांडेपर्यंत तिचे कारण कळले. प्रत्येकाला लिंबू, मीठ आणि साखर घातलेल्या पाण्याची एक बाटली दिली होती, तीच सर्वांत आधी संपली.

या रस्त्यावर सकाळी आठपर्यंत जी शांतता असते, तिच्यासाठी पुन्हा जावे असे आहे. सुरूच्या झाडांतून येणारा बारीक सूं आवाज, दांड्यांवर वाळत घातलेल्या मासळीचा वास, वाडीतून चिकूच्या करंड्या बाहेर आणणारी माणसे. नणंद माझ्या पुढे होती आणि मान वळवून सारखी “वहिनी, समुद्र बघा, समुद्र!” म्हणत होती, मान वळवली की तिची सायकलही रस्त्याच्या मध्याकडे वळत होती, आणि मागून येणाऱ्या स्वयंसेवकाने तिला दोनदा सावध केले. समुद्र पाहायचा असेल तर थांबून पाहावा, हा नियम सहलीच्या कागदावर ठळक अक्षरांत छापायला हवा. रस्ता अरुंद आहे आणि रविवारी नऊनंतर गाड्यांची वर्दळ वाढते.

चिखल्याच्या पुढे माझे मागचे चाक बसले, आणि या सेवेची पहिली मोठी उणीव तिथे दिसली. मेकॅनिक टेम्पोबरोबर पुढे बोर्डीला गेला होता. आमच्याबरोबरच्या स्वयंसेवकाने उत्साहाने चाक काढले, दहा मिनिटांत नवी ट्यूब घातली, हवा भरली, आणि आम्ही निघालो. एक किलोमीटर होतो न होतो तोच चाक पुन्हा बसले. जवळ दुसरी ट्यूब नव्हती. टेम्पोला फोन करून तो परत येईपर्यंत आम्ही तिघे पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभे राहिलो आणि सकाळची जी थंड वेळ साधण्यासाठी एवढी आखणी केली होती, ती तिथे गेली. मेकॅनिक आला, त्याने नव्या ट्यूबेला हात न लावता आधी टायर आतून पाहिला. खिशातून कापसाचा बोळा काढून तो टायरच्या आतल्या बाजूने सावकाश फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे बारीक पोलादी तार रुतलेली होती, केसाहून थोडी जाड, बाहेरून न दिसणारी. ट्रकचे टायर फाटतात तेव्हा त्यांच्यातून अशा तारा रस्त्यावर पडतात, असे त्याने सांगितले. पकडीने ती ओढून काढली, मग पुन्हा एकदा कापूस फिरवला, आणि तेव्हाच ट्यूबेला ठिगळ लावायला घेतले. “बोट फिरवायचं नाही, ताई. तार बोटात जाते,” हे त्याने तोंडाने म्हटले, पण लक्ष सगळे टायरवर होते. ट्यूब बदलणे म्हणजे पंक्चर काढणे नव्हे, जे घुसले आहे ते शोधणे म्हणजे पंक्चर काढणे, एवढी गोष्ट सर्व स्वयंसेवकांना शिकवून ठेवणे आणि प्रत्येक गटाबरोबर दोन ट्यूब देणे दुकानाला अजिबात अवघड नाही.

बोर्डीत आम्ही साडेनऊला पोहोचलो. नाशिककरांना सांगायला आवडेल अशी एक गोष्ट: आपले एच. पी. टी. महाविद्यालय चालवणाऱ्या गोखले एज्युकेशन सोसायटीचेच हायस्कूल या टोकाच्या गावात आहे, आणि माझ्या नणंदेला, जी एच. पी. टी.ची विद्यार्थिनी, ते कळल्यावर गाव एकदम ओळखीचे वाटू लागले. दुपारची विश्रांती एका घरगुती खाणावळीत होती. जेवण साधे आणि उत्तम होते: तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, ज्यांना हवे त्यांना सुरमई. जेवणानंतर चिकू आले. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते का, हे नाशिकच्या बाजारातला चिकू खाऊन कळत नाही. झाडावरून उतरवून घरी पिकवलेल्या या चिकूची साल बोटाने सुटते आणि आतला गर दाणेदार असूनही तोंडात विरघळतो.

ओहोटीची वेळही आखणीत धरलेली होती, हे मला विशेष वाटले. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. आम्ही गेलो त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, दीडच्या पुढे, ओहोटी. बोर्डीचा किनारा उथळ असल्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जाते आणि ओली, घट्ट वाळू पसरलेली दिसते. तिच्यावर सायकल घालण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि दुकानाने त्याला साफ नकार दिला होता. काहींना ते आवडले नाही. मला ते पटले, कारण खारे पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की ती दोन दिवसांत गंजू लागते, आणि सायकल दुसऱ्या दिवशी पुढच्या ग्राहकाला जायची असते. वाळूवर आम्ही अनवाणी चाललो, त्यात काही कमी पडले नाही.

परतीचा प्रवास सांगितल्याप्रमाणेच झाला. पावणेचारला निघालो तेव्हा वारा खरोखर उजव्या खांद्यामागून होता. सकाळी ज्या गिअरवर मी दमाने चालवत होते, त्याच्यापुढचा गिअर सहज चालत होता, आणि घोलवड कधी मागे पडले ते कळले नाही. सव्वापाचला डहाणूत होतो, ऊन अजून होते आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आम्ही दोघी चक्क गप्पा मारत होतो. टेम्पोत चढवण्याआधी मेकॅनिकने सगळ्या सायकली गोड्या पाण्याने धुतल्या, चेन फडक्याने कोरड्या केल्या आणि प्रत्येक चेनला तेलाचा हात फिरवला.

आता बाकीच्या उणिवा. हेल्मेट सगळ्यांसाठी एकाच मापाची आणली होती. हेल्मेटची कड भुवईच्या दोन बोटे वर बसायला हवी आणि मान हलवली तरी ती सरकायला नको. माझे हेल्मेट डोळ्यांवर येत होते, आणि नणंदेचे अंबाड्यामुळे मागे कलंडत होते. ज्या दुकानात सीटची उंची बोटांनी मोजतात, त्या दुकानात हेल्मेटबाबत इतकी ढिलाई का असावी, हे मला समजले नाही. पडल्यावर सीट उपयोगी येत नाही, हेल्मेट येते.

दुसरी उणीव मी मालकांना सर्वांत स्पष्टपणे सांगितली. अकरा जणांत आम्ही सहा बायका होतो आणि १७ किलोमीटरच्या वाटेवर स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, हे सहलीच्या कागदावर कुठेही नव्हते. दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला सांगायचे आणि मग ही व्यवस्था करायची नाही, याचा परिणाम असा होतो की बायका पाणीच पीत नाहीत. आमच्यातल्या दोघींनी सकाळी तेच केले आणि एकीला बोर्डीत पोहोचल्यावर चक्कर आली. शेवटी वाटेत एका चिकूवाडीतल्या घरच्या बाईंनी आपले दार उघडून दिले, तेव्हा बाकीच्यांची सोय झाली. वाटेवरच्या एक-दोन खाणावळींशी आधी बोलून ठेवले आणि कागदावर जागा लिहिल्या, तर हा प्रश्न उरत नाही. मालकांनी ते माझ्यासमोर वहीत लिहून घेतले.

ज्यांनी सलग तासभर सायकल चालवलेली नाही त्यांनी सरावाचे तिन्ही रविवार न चुकवता ही सहल घ्यावी. एखादा चुकवलात तर पैसे परत मिळत नाहीत, पण पुढच्या तुकडीत नाव घालून देतात. पावसाळ्यात ती बंद असते आणि मार्चपासून उन्हामुळे नेत नाहीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच चार महिने. स्वतःची सायकल असेल तर माणशी ९०० रुपये कमी होतात. आपले हेल्मेट मात्र प्रत्येकाने स्वतःच घेऊन जावे, आणि सुरमई खायची असेल तर ते आदल्या रात्रीच सांगावे, कारण खाणावळीतल्या ताई मोजूनच आणतात.